ठमीखालचा चाकू

मंगळवार, ४ तारीख

झोपले नाही. काल नाही, परवाही नाही. कारण सांगायचं तर माझी चार महिन्यांची मुलगी चाकूवर झोपते.

चाकू गादीखाली आहे. गादीवर रबराचं कापड, त्यावर दुपटं, त्यावर ठमी. पण गादी केवढी, तर दोन बोटं जाड. वरून हात फिरवला तरी मला तो खाली लागतो. सासूबाईंनी ठेवलाय. त्यांना मी आईच म्हणते. गेल्या आठवड्यात ठमी झोपेत दोनदा दचकली, तर आईंनी कपाटाच्या तळातून पत्र्याचा डबा काढला आणि डब्यातून हा. म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांच्या आजोबांचा आहे. या घरातली सगळी बाळं यावर झोपलीत. खाली लोखंड असलं की पोर घाबरत नाही."

पोर घाबरत नाही हे खरं आहे. ती हातपाय पसरून मजेत झोपते. मी घाबरते.

घडीचा चाकू आहे, बंद असला की माझ्या मधल्या बोटाएवढा. शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ, पण पितळ काळं पडलंय. पातं गंजून आतच चिकटलंय. आईंनी मला ओढून दाखवलं. "बघ, उघडतच नाही. नखाने बघ, दाताने बघ."

दाताने बघितलं नाही.

ह्यांना सांगितलं. हे बेकरीत भट्टीवर असतात. पहाटे जातात, दुपारी येतात आणि कानातलं पीठ निघायच्या आत झोपतात. म्हणाले, "मीही झोपलोय त्याच्यावर लहानपणी. मला काही झालं का?" आणि पुढ्यात ताट तसंच ठेवून, भिंतीला डोकं टेकून झोपले. घास हातात होता. मला वाटतं थोडं काहीतरी झालंच असावं.

ही वही दवाखान्यातल्या नर्सताईंनी दिली. पुढच्या पानांवर ठमी किती वेळा प्यायली आणि किती लंगोट ओले केले ते लिहायचं, ते त्या बघतात. मागची पानं माझी.

बुधवार, ५

आज काढला.

आई दुपारी दोन ते चार खालच्या मजल्यावरच्या म्हातारीकडे पत्ते खेळायला जातात. त्या गेल्या आणि मी चाकू काढून डाळीच्या डब्यामागे ठेवला. अर्ध्या तासात ठमीला उचकी लागली. साधी नाही, सगळं अंग हलवणारी. पाणी पाजलं, पाठ चोळली, गाणं म्हटलं. शेवटी दूध नाकातून आलं.

मी सातवीपर्यंत शिकलेय. उचकीचा आणि चाकूचा काही संबंध नाही एवढं मला कळतं. पण कळून काय उपयोग, चाकू परत ठेवला आणि उचकी थांबली.

शिवाय आई बघतात. सकाळी चहा झाला की आणि संध्याकाळी पत्ते संपवून आल्या की गादीखाली हात घालतात. प्रवासात माणूस पाकीट चाचपतो तसं. चेहऱ्यावर काही नसतं. हात घालतात, काढतात, भाजी निवडायला बसतात.

शुक्रवार, ७

ठमीला लस द्यायला नेलं. नर्सताईंनी वही बघितली, छान लिहितेस म्हणाल्या. मग सगळ्या बायांना सांगितलं तसं मलाही सांगितलं की गंजकं काही लागलं तर धनुर्वात होतो, लगेच यायचं, घरी हळद लावत बसायचं नाही.

मी विचारलं, "लागलं नाही, पण नुसतं अंगाखाली असलं तर?"

"अंगाखाली म्हणजे?"

"म्हणजे खिळाबिळा. गादीखाली."

"बाळाच्या गादीखाली गंजका खिळा कशाला असेल?"

"नाही, नसेलच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तू झोपतेस का गं नीट?"

"हो," म्हटलं.

घरी येईपर्यंत सगळा विचार केला. चाकू काढता येत नाही. गंजका चाकू ठेवता येत नाही. मग राहिलं काय, तर गंज काढायचा. इतकी सोपी गोष्ट मला चार दिवस सुचली नाही, कारण झोप नाही.

आणि गंज मला काढता येतो. दुसरं काही येत नसेल, पण ते येतं. बाबांचं भंगाराचं दुकान होतं, आता दादा बघतो. शाळा सुटली तेव्हापासून लग्नापर्यंत मी तिथे बसले. कुलपं, बिजागऱ्या, कात्र्या, पाने, जे विकण्याजोगं निघेल ते बाबा माझ्याकडे टाकायचे. म्हणायचे, हिच्या हाताला गंज घाबरतो. इथे ते कोणाला सांगायची सोय नाही. आई एकदा खालच्या म्हातारीला म्हणाल्या होत्या, "आमची सून भंगारातली, पण स्वच्छ आहे."

शनिवार, ८

दोन वाजता आई गेल्या. ठमीखालची लोखंडाची जागा रिकामी राहू नये म्हणून चाकूच्या जागी चमचा ठेवला. चमचा स्टीलचा, चालतो की नाही माहीत नाही. उचकी लागली नाही, म्हणजे चालत असावा.

पातं आत चिकटलेलं असलं की ओढायचं नसतं. ओढलं की टोक मोडतं. आधी सांध्यात रॉकेल सोडायचं, थेंबथेंब, पिसाने किंवा काडीने, आणि मुठीच्या पाठीवर लाकडाने हळू ठोकायचं. धक्क्याने गंज सैल होतो, तेल आत जातं. मी लाटण्याने ठोकलं. दर वीस ठोक्यांनी ठमी डोळे उघडून बघायची आणि परत मिटायची.

पावणेचारला पुसून परत ठेवला. आईंनी आल्या आल्या हात घातला. मग बोटं नाकाशी नेली.

"कसला वास गं?"

"लंगोटांचा असेल."

"रॉकेलचा वास येतो तुझ्या मुलीच्या लंगोटांना?"

मी म्हटलं लस दिलीय ना काल.

सोमवार, १०

उघडला.

बोटाला कापड गुंडाळून, पकडीने पात्याची पाठ धरून, केसाएवढं केसाएवढं. आधी करकर, मग कुरकुर, मग एकदम मऊ. आतून तांबडा भुगा पडला, चमचाभर. मी हसले बहुतेक, कारण ठमीही हसली.

दादाचा फोन आला त्याच वेळी. मी फोन खांद्याने कानाशी दाबून बोलत होते.

"काय करतेस? कसला आवाज येतोय?"

"घासतेय."

"काय?"

"भांडी. दादा, शिंगाला व्हिनेगर चालतं का?"

"शिंगाला नाही चालत, फुगतं, फाटतं. शिंग वर ठेवायचं, नुसतं लोखंड बुडवायचं. का गं?"

"असंच."

"असंच कोणी शिंगाचं विचारतं का? तुझ्याकडे शिंग कुठून आलं?"

"नाही आलं. तू जेवलास का?"

"मी जेवलो. तू झोपतेस का?"

सगळे हेच विचारतात. दादाला खरं सांगितलं तर तो तासाभरात टेम्पो घेऊन दारात उभा राहील आणि आईंना काहीतरी बोलेल. लग्न होऊन निघताना मीच त्याला सांगितलं होतं, आता मी तुझ्या भंगारात परत यायची नाही. म्हणून म्हटलं, "झोपते की. घोरते."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं. इतके दिवस चाकू गंजका होता, पण उघडत नव्हता. आता उघडतो.

मंगळवार, ११

व्हिनेगर ह्यांच्या बेकरीतून. ह्यांना म्हटलं भांड्यांना पाहिजे. म्हणाले घे, आणि झोपले.

कॉफीची रिकामी बरणी घेतली. पातं पूर्ण उघडून खाली बुडवलं, मूठ बरणीच्या तोंडावर कपड्याच्या दोन चिमट्यांनी अडकवली. तासाभराने काढलं तर काळा चिखल. तारेच्या घासणीने घासलं, मग खायच्या सोड्याने, नाहीतर व्हिनेगर आतून खात राहतं. मग भट्टीची बारीक राख ओल्या फडक्यावर घेऊन. पात्याला खड्डे पडलेत, पण खाली लोखंड चांगलं आहे. जुनं नाही मात्र. जुनं लोखंड घासलं की काळपट निळं दिसतं. हे नव्यासारखं पांढरं दिसतं.

मग राख पितळेला लावली आणि अक्षरं निघाली.

मला वाटलं होतं सासऱ्यांच्या आजोबांचं नाव असेल. एका टोकावर कोंबडीचं चित्र आहे. दुसऱ्या टोकावर लिहिलंय: कोंबडीखाद्य. दहा पोत्यांवर मोफत.

मी बराच वेळ बघत बसले. या घरात कोंबडी नाही. कधी होती असं दिसत नाही. हे लोक अंडंही खात नाहीत.

गुरुवार, १३

भाजी निवडताना सहज विचारल्यासारखं विचारलं. "आई, आपल्याकडे कधी कोंबड्या होत्या का हो?"

आईंनी शेंग मोडता मोडता माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं. मला वाटलं आता गेले मी.

मग म्हणाल्या, "नव्हत्या. दहा पोती खाद्य होतं."

"आणि कोंबड्या?"

"एक नाही. तुझा नवरा झाला तेव्हाची गोष्ट. मी म्हटलं, बाळाच्या खाली लोखंड पाहिजे. घरात विळी होती, पण ती काय ठेवणार खाली. हे म्हणाले आणतो चाकू. बाजारात गेले. एका दुकानात हा आवडला. दुकानदार म्हणाला, नुसता मिळत नाही, दहा पोत्यांवर आहे. हे हातगाडी करून दहा पोती घेऊन आले. जिन्यात लावली. सहा महिने आम्ही पोत्यांवरून चढत होतो. सगळ्या गल्लीतल्या चिमण्या-कबुतरं आमच्या दारात."

त्या इतक्या हसल्या की डोळे पुसले. मीही हसले. मग मी म्हटलं, "दुसरा चाकू नव्हता का बाजारात?"

"होते ना. शंभर होते. पण माणूस घाबरला की त्याला सुचत नाही."

"मग सगळी बाळं यावर झोपली म्हणालात ती?"

"एक."

"आणि त्याआधी?"

"त्याआधीचं चाकूशिवाय झोपलं," आई म्हणाल्या आणि उठून गेल्या. ओट्याशी उभ्या राहून धुतलेली भांडी परत धुतली. सगळी. मी नको ते विचारलं, चिडल्या असणार. आजोबांचा चाकू म्हणून थाप मारली ती पकडली गेली ना.

शुक्रवार, १४

गंज गेला तर धार दिसायला लागली. म्हणजे धार नाही, करवत. गंजाने कड खाल्लीय, बारीक बारीक दाते पडलेत. दात्यांत घाण बसते, ती कितीही धुतली तरी राहते. बाबांनी मला हेच शिकवलं होतं, दाते ठेवायचे नाहीत. दाते काढायचे म्हणजे कड सरळ होईपर्यंत घासायची.

दगड नाही. चिनी मातीचा कप उपडा केला की बुडाला एक खरखरीत कडा असते, तिच्यावर छान होतं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, पातं थोडं तिरकं, कपावरची साय काढतोय अशा हाताने. मग ह्यांच्या जुन्या पट्ट्यावर उलटं ओढायचं. मशीनचं तेल सांध्यात एक थेंब.

पातं धरून ठेवणारी पाठीची पट्टी पण छान बसली. आता उघडताना टक आणि मिटताना टक. दुकानात असता तर दादाने काचेच्या कपाटात ठेवला असता.

हातावरचे केस काढून बघितले. साफ निघतात. कागद धरला तर वजनाने कापला जातो. मी तो उन्हात धरून बघत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं, ठमी झाल्यापासून असं वाटलं नव्हतं. काहीतरी केलं, ते झालं, आणि झालेलं दिसतंय.

मग पावणेचार झाले आणि तो मी ठमीखाली ठेवला.

दहा दिवसांपूर्वी माझी मुलगी एका गंजक्या ठोकळ्यावर झोपत होती. आता ती वस्तऱ्यावर झोपते. हे मी केलं. प्रत्येक वेळी एकेक गोष्ट बरोबर केली.

रविवार, १६

काहीतरी चुकतंय माझ्या डोक्यात.

सकाळी बघितलं तर चाकूला दोरा गुंडाळलेला. पांढरा, जाड, गोधडी शिवायचा. बारा वेढे आणि गाठ. मी केव्हा गुंडाळला आठवत नाही. म्हटलं चांगलंच केलं मी, आधीच सुचायला हवं होतं. पण दोरा सोडून बघितलं, कारण बघितल्याशिवाय राहवलं नाही, तर धार गेलेली. गेलेली म्हणजे कोणी दगडावर आडवी घासावी तशी, सगळी कड चपटी, वर लोखंडाची बारीक कोर आलेली.

लोखंड असं आपोआप होत नाही. पण झालंय. बाबा म्हणायचे काही लोखंड आतून सडकं असतं.

कोर टोचते, काट्यासारखी. ती तशी ठेवता येत नाही. दुपारी बसून परत धार लावली.

सोमवार, १७

परत बोथट. परत दोरा, आज वीस वेढे.

आता मला खरंच भीती वाटते. मी हे स्वतः करत असेन का? झोपेत माणसं काय काय करतात. पण मी झोपतच नाही, मग झोपेत करणार कधी?

ह्यांना विचारलं, "मी काही विचित्र करते का हो?"

"कधी?"

"एरवी."

विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी पडली. म्हणाले, "परवा तू गरम चपातीवर चाकूने धार... नाही, ते स्वप्न होतं माझं," आणि डोळे मिटून तेच पुढचं बघायला गेले असावेत.

आईंच्या तळहातावर बारीक चीर दिसली, पट्टी लावलेली. विचारलं तर म्हणाल्या पत्ता लागला. खालची म्हातारी फार जोरात पत्ते टाकते म्हणे.

धार परत लावली. हातच ऐकत नाहीत. कप घेतला की ते आपले चालतात.

मंगळवार, १८

ठमी आज कुशीवर झाली. पूर्ण नाही, अर्धी. पालथं पडायचा प्रयत्न चाललाय. एक पाय टाकते, डोकं उचलते, कुंथते, परत उताणी. सगळ्यांनी कौतुक केलं. ह्यांनी अर्धा तास जागं राहून बघितलं, हा विक्रम आहे.

मी मोजत होते. पालथी पडली तर कुठे पडेल, पोट कुठे येईल, आणि खाली काय आहे.

आईही मोजत होत्या वाटतं. त्यांचे डोळे ठमीवर नव्हते, गादीवर होते.

बुधवार, १९

आज जे झालं ते नीट लिहिते. लिहायला वेळ आहे, कारण मला हलता येत नाही.

सकाळी आईंनी गादीखाली हात घातला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ ठेवला. पाठ माझ्याकडे होती. मग उठल्या आणि ओट्याशी गेल्या.

थोड्या वेळाने मला सफरचंद आणून दिलं. सोललेलं. साल बशीत बाजूला होती, एकच लांब, पाण्यासारखी पातळ, कुठेही तुटलेली नाही. आमच्या घरातल्या सुरीने टोमॅटोही कापत नाही, दाबून फोडावा लागतो. मी म्हटलं, "कशाने हो सोललंत?"

"हाताने," म्हणाल्या. "खा."

मी खाल्लं. त्या बसून बघत होत्या. मग म्हणाल्या, "चांगला हात आहे तुझा."

"कशात?"

"कशातही." नंतर पत्त्यांना निघताना दारातून परत आल्या. "आज दुपारी पड जरा. गादीखाली बघत बसू नकोस. मी बघितलंय."

झालं. म्हणजे आता मला वाकूनही बघायला बंदी. आणि त्यांनी बघितलं म्हणजे काय बघितलं? चाकू आहे हेच ना? तो उघडतो हे त्यांना कुठे माहीत आहे.

त्या गेल्या. हे आले, खुर्चीत बसले, झोपले. आणि सव्वादोनला ठमी पालथी पडली. एकदम, काही कुंथणं नाही. पोटावर पडून मान वर करून माझ्याकडे बघत होती, जसं काही दुसरीच कोणी आलीय घरात. मी हात गादीखाली घातला. पुरचुंडी लागली. जुन्या पातळाच्या कापडात घट्ट बांधलेली, वर गाठीवर गाठ. कापडात मी कधी बांधलं, देवाला माहीत. सोडायला गेले तर सुटेना आणि ठमी रडायला लागली, मग तशीच परत सरकवली.

मग मला एक सुचलं. ठमीखाली चाकू पाहिजे, पण ठमी आणि चाकू यांच्यामध्ये दोन बोटांचीच गादी पाहिजे असं कुठे कोणी म्हटलंय. मी आधी गादीवर आडवी झाले, बरोबर पुरचुंडीवर, आणि ठमीला माझ्या छातीवर पालथी घेतली. आता खाली लोखंड, त्यावर गादी, त्यावर मी, माझ्यावर ठमी. काही आलंच वर, तर आधी मला लागेल. इतकं बरं वाटलं. ठमी दोन मिनिटांत झोपली, गाल माझ्या गळ्यावर, लाळ सगळी माझ्या खांद्यावर.

आणि मग पाठीखाली आवाज आला. टक.

तो आवाज मी ओळखते. किंवा खुर्चीचा असेल, हे हलले की ती वाजते. पण पाठीखालूनच आला असं वाटलं. तेव्हापासून मी हललेली नाही. टोचत नाही अजून. टोचत नाही म्हणजे टोक अजून गादीत आहे, मी हलले तर वर येईल, असं मी धरून चाललेय.

ह्यांना हळू हाक मारली. मोठ्याने मारली तर ठमी उठेल, ठमी उठली तर हलेल, ती हलली तर मी हलेन. हातापाशी ठमीचा मोजा होता, तो फेकला. छातीवर पडला. ह्यांनी डोळे न उघडता तो घेतला, घडी केली आणि गालाखाली ठेवला. मग दुसरा फेकला. आता त्यांच्याकडे दोन आहेत.

फोन ओट्यावर आहे. आई चारला येतील. आत्ता तीनला दहा कमी आहेत. वही आणि पेन उशीशी होतं म्हणून हे लिहिता येतंय, वही ठमीच्या पाठीवर उभी धरलीय, अक्षर वाकडं येतंय.

एक सांगायचं राहिलं. मला झोप येतेय. साधी पेंग नाही, पायापासून वर चढत येणारी झोप. दोन आठवडे आली नाही आणि आता येते, चाकूवर. आई म्हणतात ते खरं आहे की काय. आधी मीच झोपून बघायला हवं होतं.

आता मागची पानं, पुढची पानं काही बघत नाही. वही उघडी ठेवते. आई आल्या तर त्यांनी चष्मा लावावा, हे उठले तर ह्यांनी, नर्सताई आल्या तर त्यांनी. वाचणाऱ्याने आधी ठमीला उचलावं, सरळ वर, मला न हलवता. मला उठवू नये. मग ओट्यावरचा फोन घ्यावा, त्यात पहिलंच नाव दादा आहे, त्याला लावावा. तो विचारेल काय झालं. काही झालं नाही म्हणून सांगा. तुझ्या बहिणीला एक घडीचा चाकू पाहिजे म्हणावं, गंजलेला, पातं आत चिकटलेलं, दोन माणसांनी ओढलं तरी न उघडणारा. दुकानात मागच्या पिंपात असतात, वरचे घेऊ नकोस, ते सैल असतात, तळातला बघ. साफ करून आणू नकोस म्हणावं, जसा आहे तसा आण. आणि रात्रीपासून, म्हणजे बऱ्याच रात्रींपासून, ती झोपली नव्हती हेही सांगा, माझ्याने सांगवलं नाही. टेम्पो घेऊन ये असं मी म्हटलेलं नाही. आणला तर नाही म्हणणार नाही. तेवढा फोन करा.